फुफ्फुसातले मुक्कामी पहारेकरी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



संयोजकांनी मला "रोगप्रतिकारशक्ती : समज आणि गैरसमज" असा विषय दिला होता. तो एका तासात बसणार नाही. म्हणून मी एकच अवयव आणि त्यातली एकच पेशी निवडली आहे. अवयव फुफ्फुस, आणि पेशी "नॅचरल किलर", म्हणजे नैसर्गिक मारक पेशी. तिला यापुढे मी एनके पेशी म्हणेन. मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत पेशी मोजणे हे माझे काम आहे. तेव्हा कुणी औषध विचारू नये, मला सांगता येणार नाही.

तरी लोक विचारतातच. सांगलीहून माझ्या मामांचा फोन येतो. "अरे, तू त्यातला ना? मग ही प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर चांगली का रे?" मामा शिकलेले आहेत, आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे. त्यांना "कशावरून?" हा प्रश्न विचारायची सवय आहे. पण २०२० पासून "इम्युनिटी" हा शब्द चहापासून चादरीपर्यंत सगळ्यावर छापला जाऊ लागला आणि मामांचा "कशावरून?" हरवला. आजचे भाषण खरे म्हणजे मामांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी फुफ्फुसाबद्दल. आपण दिवसाला सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो. तिच्यासोबत धूळ, धूर, परागकण, जंतू आणि विषाणू येतात. ही हवा शेवटी जिथे पोचते त्या वायुकोशांची संख्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २००४ साली काळजीपूर्वक मोजली. सहा प्रौढ माणसांच्या फुफ्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश निघाले. ते सगळे उलगडून पसरले तर एखाद्या मध्यम फ्लॅटएवढी जागा व्यापतील. आणि हवा व रक्त यांच्यामधली भिंत इतकी पातळ की एका केसाच्या जाडीत तसे शंभरएक पडदे मावतील. पातळ नसेल तर प्राणवायू पलीकडे जाणार नाही.

संरक्षणाचा पेच इथेच आहे. त्वचेसारखी जाड भिंत बांधता येत नाही, कारण मग श्वास घेता येणार नाही. आणि प्रत्येक धूलिकणावर हल्ला चढवला, तर सूज येऊन वायुकोशात पाणी भरेल आणि माणूस गुदमरेल. म्हणजे फुफ्फुसाला जोरदार सैन्यापेक्षा समंजस पहारेकरी हवा. कधी हात उचलायचा हे त्याला कळले पाहिजे आणि कधी उचलायचा नाही हेही.

आता एनके पेशी. १९७५ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने एक विचित्र गोष्ट नोंदवली. कर्करोगाच्या पेशींशी पूर्वी कधीही गाठ न पडलेल्या निरोगी प्राण्यांच्या शरीरातल्या काही पेशी त्या पेशींना मारत होत्या. तोवरची समजूत अशी की शत्रू आधी ओळखावा लागतो, मग त्याच्यासाठी खास सैनिक तयार होतात, आणि त्याला काही दिवस लागतात. या पेशी मात्र आधीच तयार होत्या. प्रयोगातली ही "पार्श्वभूमीची मारामारी" आधी अनेकांनी चूक म्हणून दुर्लक्षिली होती. या तिघांनी तिला चूक न मानता प्रश्न मानले.

या पेशी शत्रू ओळखतात कशा? याचे उत्तर क्लास क्यर्र आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दिले. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रकारचे ओळखपत्र असते. काही विषाणू आणि कर्कपेशी इतर सैनिकांच्या नजरेतून सुटण्यासाठी हे ओळखपत्रच लपवतात. एनके पेशी नेमकी तीच गोष्ट तपासते. ओळखपत्र दिसले तर ती हात आवरते. ते गायब असेल आणि पेशी संकटात असल्याच्या खुणाही दिसत असतील, तर तिला भोक पाडून आत मारक रसायने सोडते. म्हणजे चोर दिसला म्हणून ती धावत नाही, घरच्या माणसाची खूण दिसेनाशी झाली म्हणून धावते. आणि लक्षात घ्या, तिचा बराचसा वेळ न मारण्यात जातो. तिच्या अंगावर "थांब" सांगणारे संवेदक आणि "मार" सांगणारे संवेदक दोन्ही असतात, आणि निर्णय दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीतून होतो.

अनेक वर्षे एनके पेशींबद्दलचे आपले ज्ञान रक्तावर आधारलेले होते. कारण साधे आहे. रक्त काढणे सोपे, फुफ्फुस काढणे अवघड. रक्तातल्या लिंफोसाइट पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के एनके असतात. त्यांचा अभ्यास झाला आणि तोच सगळ्या शरीराला लागू असावा असे गृहीत धरले गेले. रेल्वे स्टेशनावर उभे राहून गावातल्या लोकांची शिरगणती करावी, तसा हा प्रकार होता.

गेल्या दहाएक वर्षांत चित्र बदलले. कारोलिन्स्का संस्थेतल्या निकोल मार्क्वार्ट आणि सहकाऱ्यांचे २०१७ आणि २०१९ चे शोधनिबंध या बाबतीत महत्त्वाचे आहेत. त्यांनी फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या परवानगीने, गाठीपासून दूरचा निरोगी दिसणारा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी एकेक करून तपासल्या. दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट : फुफ्फुसातल्या बहुसंख्य एनके पेशी रक्तातल्यासारख्याच दिसतात. त्या येऊन-जाऊन असतात. पण रक्तातल्या पेशींइतक्या त्या चटकन भडकत नाहीत. प्रयोगशाळेत समोर सावज ठेवले तरी त्यांचा प्रतिसाद मंद असतो.

दुसरी गोष्ट : एक छोटा गट कायमच्या मुक्कामाचा आहे. त्यांच्या अंगावर तीन खुणा सापडतात, सीडी ६९, सीडी ४९ ए आणि सीडी १०३. नावे रुक्ष आहेत, पण कामे मजेशीर. सीडी ६९ पेशीला रक्ताकडे परत नेणारा मार्ग बंद करते. सीडी ४९ ए भोवतालच्या कोलॅजेनला घट्ट धरते. सीडी १०३ श्वसनमार्गाच्या अस्तरातल्या पेशींचा हात पकडते. आपल्यापैकी प्रत्येकाने या देशात आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अन्मेल्डुंग केले आहे. त्याशिवाय बँकेचे खाते नाही, की टपालपेटीवर नाव नाही. या तीन खुणा म्हणजे पेशीचे अन्मेल्डुंग समजा. फक्त एक खूण असली तर अजून शंका राहते, कारण सीडी ६९ नुकत्याच चेतवलेल्या पेशीवरही दिसते. पाहुणाही कधी कधी घरचा लेंगा घालून बसतोच! म्हणून तिन्ही खुणा पाहायच्या.

चिकित्सक श्रोता विचारेल, एका क्षणाच्या तपासणीवरून पेशी "कायम राहणारी" आहे हे कशावरून? बरोबर प्रश्न आहे. माणसात याचे सर्वात चांगले उत्तर अवयव प्रत्यारोपणाने दिले. दात्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींची ओळखपत्रे वेगळी असतात. म्हणून प्रत्यारोपणानंतर वर्षांनी तुकडा तपासला की कोण मूळचे आणि कोण नंतर आलेले हे सांगता येते. यकृताच्या बाबतीत दात्याच्या एनके पेशी तब्बल १३ वर्षांनंतरही नव्या शरीरात सापडल्याचे २०१६ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झाले. दाता जाऊन १३ वर्षे झाली, आणि त्याच्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात पहारा देत होत्या. मला हे वाक्य लिहिताना आजही थांबायला होते. फुफ्फुसाच्या बाबतीत इतका लांबचा पुरावा एनके पेशींसाठी माझ्या माहितीत नाही, पण त्यांच्या चुलतभाऊ असलेल्या मुक्कामी टी पेशी प्रत्यारोपित फुफ्फुसात वर्षाहून अधिक टिकतात हे दाखवले गेले आहे.

आता मामांच्या पावडरीकडे येऊ. "प्रतिकारशक्ती वाढवा" या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे, की ती शक्ती म्हणजे टाकीतले पाणी आहे, आणि जितके जास्त तितके चांगले. आतापर्यंत मी जे सांगितले त्यात असे पाणी कुठे दिसले? कोणती पेशी वाढवायची? रक्तातली की फुफ्फुसातली? "मार" म्हणणारा संवेदक की "थांब" म्हणणारा?

कोविडने हा प्रश्न फार महागात शिकवला. बर्लिनमधल्या शारिटे रुग्णालयातल्या आणि तिथल्या संधिवात संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली "नेचर" मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एनके पेशी कोरोनाचा विषाणू शिरलेल्या पेशींना मारू शकतात. पण अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या रक्तात आजाराच्या अगदी सुरुवातीलाच टीजीएफ-बीटा नावाचे रसायन मोठ्या प्रमाणात आढळले. हे शरीराचेच "आता शांत व्हा" असे सांगणारे रसायन आहे. युद्ध संपल्यावर ते हवेच असते. इथे ते युद्ध सुरू होण्याआधी आले, आणि एनके पेशींना शत्रूला नीट बिलगताच येईना. चूक रसायनात नव्हती, वेळेत होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या "रिकव्हरी" चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते. डेक्सामेथासोन काय करते? प्रतिकार यंत्रणेला आवरते! म्हणजे जगभर लोक प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे पीत होते, आणि सर्वाधिक जीव वाचवणाऱ्या औषधांपैकी एक औषध ती दाबत होते. पण थांबा, म्हणून ती दाबणे चांगले असाही निष्कर्ष नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे स्टेरॉइडचा अतिरेक आणि अनियंत्रित मधुमेह एकत्र आले, आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते, तिने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे नेले. योग्य वेळ, योग्य जागा, योग्य प्रमाण. यापैकी एकही गोष्ट पावडरीच्या डब्यावर लिहिलेली नसते.

आणि हा आजार फक्त भारताचा आहे असे समजून आपण इथे हसू नये. आपल्या कोपऱ्यावरच्या आपोथेकेत "ग्लोबुली" मिळतात. त्यांचे जनक सामुएल हानेमान १७५५ साली याच देशात, माइसेनला जन्मले. जानेवारी २०२० मध्ये भारताच्या आयुष मंत्रालयाने कोरोना प्रतिबंधासाठी सुचवलेले आर्सेनिकम आल्बम ३० हे त्यांच्याच परंपरेतले. "३०" चा अर्थ एकास शंभर या प्रमाणात ३० वेळा पातळ केलेले, म्हणजे १ वर ६० शून्ये इतक्या भागांत मूळ पदार्थाचा एक भाग. त्या गोळीत मूळ पदार्थाचा एक रेणूदेखील असण्याची शक्यता उरत नाही. हे गणित मामा सहज करू शकतात. त्यांना कुणी करायला सांगितले नाही, एवढेच.

आता मी थोडा बाजूला जाणार आहे, पण विषय सोडून नाही. हे फुफ्फुसाचे तुकडे येतात कुठून?

प्रयोगशाळेत नमुना येतो तेव्हा त्यावर नाव नसते, आकडा असतो. बर्फातली छोटी डबी, त्यात गुलाबी-करडा तुकडा. वय आणि "धूम्रपान : होय / नाही" एवढीच माहिती. पण त्या डबीमागे एक माणूस असतो. उद्या आपली छाती उघडणार आहेत, गाठ कर्करोगाची निघेल की काय, या भीतीत असताना त्याने एक कागद वाचून सही केलेली असते. त्याला स्वतःला त्याचा काहीही फायदा नाही. आज आपण जे ऐकले ते अशा काहीशे सह्यांवर उभे आहे.

ही सही घ्यायची पद्धत आपोआप आलेली नाही. १९३० साली ल्यूबेक शहरात नवजात बालकांना क्षयाची बीसीजी लस तोंडावाटे दिली गेली. तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यात क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले होते. सत्तरहून अधिक बालके दगावली. खटला चालला, शिक्षा झाल्या. देशभर संताप उसळलेला असतानाच, १९३१ साली, जर्मन सरकारने माणसांवरील नव्या उपचारांसाठी आणि प्रयोगांसाठी मार्गदर्शक नियम काढले. संमतीशिवाय प्रयोग नको, असे त्यात स्पष्ट होते. जगातल्या अशा सुरुवातीच्या नियमांपैकी ते होते. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी सत्तेवर आलेल्या राजवटीत, याच देशात काय झाले हे आपण जाणतो. नियम कागदावर होते. कागद पुरत नाही, त्यामागे समाज जागा असावा लागतो.

या संदर्भात एका मराठी बाईची आठवण काढायलाच हवी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला डॉक्टरेटसाठी आल्या. दाहलेममधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशवादाला शास्त्राची झूल पुरवणारे. इरावतीबाईंना कवट्यांची असमानता मोजायचे काम मिळाले. गोऱ्या युरोपियनांची कवटी अधिक असमान, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असे काहीसे निघावे ही अपेक्षा होती. बाईंनी मोजले, आणि वंशाचा आणि असमानतेचा संबंध दिसत नाही असे लिहिले. पंचविशीतली, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी विद्यार्थिनी. मार्गदर्शकाला नको असलेला आकडा तिने बदलला नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात तो हाच.

पण त्या कवट्या कुणाच्या होत्या? अशा संग्रहांत वसाहतींतून आणलेले मानवी अवशेष होते, आणि त्या माणसांनी कुठलीही सही केलेली नव्हती. २०१४ साली दाहलेमच्या त्याच परिसरात खोदकाम करताना मानवी हाडे सापडली. पुढच्या उत्खननात हजारो तुकडे निघाले. ते कोणाचे हे एकेका नावानिशी सांगता आले नाही. मार्च २०२३ मध्ये ते सन्मानाने दफन केले गेले. बर्फातली आकडा लिहिलेली डबी हातात घेताना मला हे आठवते, आणि आठवले पाहिजे.

शेवटचा मुद्दा. मग फुफ्फुसाच्या पहारेकऱ्यांसाठी काहीच करता येत नाही का? येते, पण त्याचा डबा मिळत नाही.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याच शहरातले रुडॉल्फ फिर्शो त्याआधी, १८४८ साली, साथीची पाहणी करायला वरच्या सिलेशियात गेले होते. परत येऊन त्यांनी अहवालात औषधांऐवजी शिक्षण, रोजगार आणि लोकशाही हक्कांची मागणी केली. जंतू की गरिबी, हा वाद आपल्याकडे अजून चालतो. पण २०२३ साली झारखंडमधल्या "रेशन्स" चाचणीचे निष्कर्ष आले. क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना पुरेसे धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, तर त्यांच्यातले क्षयाचे नवे रुग्ण जवळपास ४० टक्क्यांनी घटले. जंतू तोच, घर तेच, फक्त ताटात अन्न जास्त. प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर शोधायचीच असेल, तर ती रेशनच्या दुकानात आहे!

तसेच चुलीच्या धुराचे. तसेच दगडखाणीतल्या सिलिकाच्या धुळीचे, विडी-सिगारेटचे आणि आपल्या शहरांतल्या हवेचे. ४८ कोटी वायुकोशांच्या दारात रोज धूर ओतायचा आणि आत बसलेल्या पहारेकऱ्याला काढा पाजायचा, यात शहाणपण नाही. धूर कमी करणे मात्र एकट्याचे काम नाही, ते सार्वजनिक काम आहे. म्हणूनच ते कुणी विकत नाही.

आपल्या हातात आज काय आहे? तीन गोष्टी सुचवतो.

एक, लस. ती "शक्ती" वाढवत नाही, ओळख शिकवते. साठी ओलांडलेल्यांनी आपल्या हाउसआर्ट्झ्टला फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसीबद्दल विचारावे.

दोन, अवयवदान. जर्मनीत हा निर्णय स्वतः नोंदवावा लागतो. न नोंदवता आपोआप दाता मानण्याचा प्रस्ताव बुंडेस्टागने जानेवारी २०२० मध्ये फेटाळला. मार्च २०२४ पासून ऑनलाइन नोंदणीही आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून होकार देता येतो. "हो" लिहा किंवा "नाही" लिहा, पण लिहा. नाहीतर सर्वात वाईट रात्री हा प्रश्न तुमच्या बायकोला किंवा मुलाला विचारला जाईल. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी संशोधनासाठी संमतीचा कागद समोर आला, तर तो घाईने सही करून किंवा घाईने नाकारून बाजूला ठेवू नका. वाचा, प्रश्न विचारा, मग ठरवा.

तीन, घरचे फोन. तिकडून पावडरीबद्दल विचारणारा फोन आला की हसू नका, आणि भाषणही देऊ नका, मी आज दिले तसे! फक्त विचारा, "कोणती पेशी वाढते म्हणे? आणि कशावरून?" मामांना मी हेच विचारले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डब्यावर तसं काही लिहिलेलं नाही रे." गणिताचे मास्तर परत आले होते.